आग रामेश्वरी, एरर सोमेश्वरी

वाचकांचे प्रश्न : प्रोग्रॅमिंग

एरर मेसेज एक सांगतो आणि चूक भलतीकडेच निघते, अशा प्रसंगांवरचे प्रश्न आम्ही मागवले होते. त्यांतले काही इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट मनात धरा : हा मेसेज नेमका कोण लिहितोय आणि त्याला कुठपर्यंत दिसतं? आज्ञा व मेसेज देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत करायचे, आणि ‘मोठं’ असं सांगितलं नसेल तिथे लहान अक्षरांत.

प्रश्न : पायथनमध्ये १२व्या ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ येतंय. ओळ साधी ‘प्रिंट(टोटल)’ एवढीच आहे. पुसून पुन्हा टाइप केली तरी तेच. वैतागून ती ओळच उडवली, तर एरर पुढच्या ओळीवर गेला!

उत्तर : एरर पुढे सरकला, हाच सगळ्यात मोठा पुरावा. बाराव्या ओळीत दोष नाही. तो तिच्या वर आहे आणि बहुतेक तो न मिटलेला कंस आहे.

पायथनमध्ये कंस उघडा असला की ओळ संपली तरी वाक्य संपत नाही. अकराव्या ओळीवर ‘टोटल = सम(प्राइसेस’ लिहून कंस मिटायचा राहिला, तर पार्सर, म्हणजे कोडची वाक्यरचना लावणारा भाग, पुढची ओळ त्याच वाक्यात धरतो. ‘प्राइसेस’नंतर स्वल्पविराम चालला असता, अधिकचं चिन्ह चाललं असतं, मिटणारा कंस चालला असता. आला ‘प्रिंट’. पार्सर तिथे अडला आणि जिथे अडला त्या ओळीचा आकडा त्याने छापला. कंस कुठे मिटायचा होता, हे त्याला कळायला मार्गच नाही.

३.९ मध्ये पायथनचा पार्सर बदलला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून अशा वेळी बऱ्याचदा ‘( वॉज नेव्हर क्लोज्ड’ असा मेसेज येतो आणि ओळही उघडणाऱ्या कंसाची दाखवतो. कधीकधी मात्र त्याऐवजी ‘परहॅप्स यू फरगॉट अ कॉमा?’ असा सल्ला मिळतो. त्यातलं प्रश्नचिन्ह गांभीर्याने घ्या. सल्ला मानून स्वल्पविराम घातला आणि मग खाली कुठेतरी कंस मिटवून एरर घालवला, तर सिंटॅक्स बरोबर आणि अर्थ चुकीचा असा प्रोग्रॅम हाती येतो. तो शोधायला जास्त अवघड.

तुमची आवृत्ती जुनी असेल तर एडिटरमध्ये वरच्या ओळींतल्या प्रत्येक उघड्या कंसावर कर्सर ठेवून त्याचा जोडीदार कुठे उजळतो ते पाहा. फाइल मोठी असेल तर खालचा अर्धा भाग तात्पुरता कापा. एरर तरीही फाइलच्या शेवटाशी चिकटून राहिला, तर दोष वरच्या अर्ध्यात. पुन्हा अर्धा करा.

प्रश्न : ‘रँडम’ मॉड्यूलमध्ये ‘रँडइंट’ नाही असं पायथन म्हणतो. पायथन नव्याने इन्स्टॉल केला तरी फरक नाही.

उत्तर : तुमच्या फाइलचं नाव ‘रँडम.पाय’ आहे का? पायथन मॉड्यूल शोधताना चालवलेल्या स्क्रिप्टचा फोल्डर आधी बघतो. तिथे तुमचीच फाइल सापडली की ती स्वतःलाच इंपोर्ट करते. ३.८पासून मेसेजमध्ये ‘पार्शियली इनिशियलाइझ्ड मॉड्यूल’ आणि ‘सर्क्युलर इंपोर्ट’ हे शब्द येतात, ते खरंच आहेत, पण नवख्याला त्यातून काही उमगत नाही. ३.१३ मध्ये मात्र फाइलचं नाव बदला असा स्पष्ट सल्ला येतो. खात्री करायला ‘इंपोर्ट रँडम’च्या खाली ‘प्रिंट(रँडम.__फाइल__)’ लिहा. मार्ग तुमच्या फोल्डरचा आला, की फाइलचं नाव बदला. ‘ईमेल.पाय’, ‘टोकन.पाय’, ‘जेसन.पाय’ ही नावंही टाळलेली बरी.

प्रश्न : सीमध्ये एका हेडर फाइलमध्ये छोटा बदल केला आणि जीसीसी कंपायलरने ८७ एरर दिले. पहिला तर ‘स्टडआयओ.एच’मध्ये दाखवतोय. ती फाइल मी उघडलीसुद्धा नाही.

उत्तर : ‘इन्क्लुड’ म्हणजे अक्षरशः चिकटवणं. तुमच्या हेडरचा मजकूर आणि त्याखाली ‘स्टडआयओ.एच’चा मजकूर, असा एकच लांबलचक कागद कंपायलरसमोर येतो. तुमच्या हेडरच्या शेवटी स्ट्रक्ट आहे आणि महिरपी कंसानंतरचा सेमीकोलन राहून गेला आहे, असं आम्हाला वाटतं. सीमध्ये महिरपी कंसानंतर लगेच व्हेरिएबलचं नाव लिहिता येतं, त्यामुळे कंपायलर वाट पाहत पुढे जातो आणि पुढच्या फाइलच्या पहिल्या घोषणेवर आपटतो. मग कुठे सेमीकोलन हवा होता, कुठे दोन टाइप एकत्र आले, अशा तक्रारी सुरू होतात.

पहिल्या एररच्या वर ‘इन फाइल इन्क्लुडेड फ्रॉम’ अशा ओळी असतात. लोक त्या वगळूनच वाचतात. त्यांत तुमच्या कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवरून हा प्रवास सुरू झाला ते दिलेलं असतं. त्या ओळीच्या आधी इन्क्लुड केलेली फाइल ही संशयित. तरीही सापडलं नाही तर ‘जीसीसी -मोठं ई मेन.सी’ चालवा. सगळं चिकटवून झाल्यावरचा मजकूर जसाच्या तसा दिसतो, आणि त्यात ‘स्टडआयओ’ सुरू होण्याच्या लगेच वरची ओळ पाहिली की काम झालं.

उरलेले ८६ वाचू नका. पहिल्या चुकीनंतर कंपायलर अंदाजाने सावरत पुढे जातो आणि तो अंदाज चुकला की खोट्या एररची रांग लागते. ‘-मोठा डब्ल्यू फेटल-एरर्स’ हा पर्याय दिला की जीसीसी पहिल्याच एररवर थांबतो. शिकणाऱ्यांनी तो कायम लावून ठेवावा, असं आमचं मत आहे.

प्रश्न : ‘मॅथ.एच’ इन्क्लुड केलंय, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू पॉव’. आणि सी++मध्ये ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल’ म्हणजे काय? व्हीटेबल नावाचं मी काहीच लिहिलेलं नाही.

उत्तर : दोन्ही मेसेज लिंकरचे, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमचे. त्याने तुमचा कोड पाहिलेलाच नाही, त्याच्या हातात फक्त नावांच्या याद्या आहेत. हेडर हा कंपायलरचा विषय, म्हणून हेडर कितीही वेळा तपासून उपयोग नाही.

पहिल्यासाठी ‘जीसीसी मेन.सी -एलएम’ असं लिहा, ‘-एलएम’ शेवटी. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि स्टॅटिक लायब्ररीतून तोपर्यंत अपुरी असलेली नावंच उचलतो. लायब्ररी आधी आली तर त्या क्षणी कुणालाच काही नको असतं. काही लिनक्सवर शेअर्ड लायब्ररींनाही हाच क्रम लागतो, म्हणून एका मशीनवर चालणारी ओळ दुसऱ्यावर अडते.

दुसऱ्यातलं व्हीटेबल म्हणजे व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता, तो कंपायलर स्वतः बनवतो. मेसेजचं कारण असं की क्लासमध्ये ‘व्हर्च्युअल’ फंक्शन जाहीर केलंय, पण त्याचं शरीर लिहायचं राहिलंय. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर लिनक्सवर व्हीटेबल ठेवतात ती, क्लासमधल्या पहिल्या अशा व्हर्च्युअल फंक्शनच्या सोबत, जे ‘= ०’ नाही आणि क्लासमध्येच लिहिलेलंही नाही. ते फंक्शन कुठेच नसेल तर टेबलही कुठे बनत नाही. तेव्हा क्लासमधलं पहिलं तसं फंक्शन शोधा. अनेकदा तो डिस्ट्रक्टर असतो. किंवा फंक्शन लिहिलेलं असतं, पण ती .सीपीपी फाइल बिल्डमध्ये घालायची राहिलेली असते.

प्रश्न : सीचा प्रोग्रॅम ‘फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर’ म्हणून कोसळतो. तो पॉइंटर मॅलॉकनेच (मेमरी देणाऱ्या फंक्शनने) दिलेला आहे, मध्ये कुठे बदललेला नाही, हे नीट तपासलंय. शिवाय ठरावीक नावं भरली तरच कोसळतो, आणि शोधायला एक प्रिंटएफ घातला की एररच गायब!

उत्तर : तुमच्या पॉइंटरमध्ये काहीही वाकडं नाही. या प्रकरणात तो फिर्यादीच आहे, आरोपी दुसराच.

‘ठरावीक नावं’ या शब्दांवरून आमचा तर्क असा की कुठेतरी ‘मॅलॉक(स्ट्रलेन(नाव))’ लिहून त्यात स्ट्रकॉपीने नाव उतरवलं आहे. स्ट्रलेन नावाची लांबी देतो, पण शेवटचा शून्य बाइट मोजत नाही, म्हणजे जागा एका बाइटने कमी पडते. मग दहा अक्षरांच्या नावाला का चालतं? ६४ बिटी लिनक्सवर जीलिबसीचा (सीच्या लायब्ररीचा) मॅलॉक कमीत कमी ३२ बाइटांचा तुकडा कापतो आणि त्यातले २४ तुम्हाला वापरता येतात. दहा मागितले तरी २४ मिळतात, त्यामुळे अकरावा बाइट निमूटपणे मावतो. पुढचे टप्पे ४०, ५६, ७२ असे सोळा-सोळाने वाढतात. नाव बरोबर २४, ४० किंवा ५६ बाइटांचं असलं की जादाचा शून्य शेजारच्या तुकड्याच्या हिशेबात जाऊन पडतो. देवनागरी नावं यूटीएफ-८मध्ये असतील तर एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे आठ चिन्हांचं नावही २४ला पोचतं.

तो हिशेब म्हणजे शेजारच्या तुकड्याचा आकार. आकड्याचा सगळ्यात खालचा बाइट आधी येतो आणि तोच पुसला जातो. शेजारी ३२ बाइटांचा असेल तर त्याचा आकार शून्य होऊन बसतो. पुढे कधीतरी, कदाचित हजारो ओळींनंतर, त्या शेजाऱ्यावर फ्री होतो. जीलिबसी तेव्हा पत्ता आणि आकार एकमेकांशी ताडून पाहतो, ते जुळत नाहीत आणि तो पॉइंटरला दोष देऊन मोकळा होतो. गुन्हा स्ट्रकॉपीचा, नोंद फ्रीच्या नावावर. ‘डबल फ्री ऑर करप्शन’ किंवा ‘मॅलॉक(): करप्टेड टॉप साइझ’ असं काही दिसलं तरी हाच विचार करा : ही तपासणी नासधूस उघडकीला आणते, नासधूस झाल्याची वेळ तिला माहीत नसते.

प्रिंटएफने एरर का जातो? पहिल्यांदा छापताना तो स्वतःचा बफर मॅलॉककडूनच घेतो. तुकड्यांची मांडणी बदलते आणि तो शून्य निरुपद्रवी जागी पडतो. चूक जागच्या जागीच राहते.

आता शोधायचं कसं ते. ‘जीसीसी -जी -मोठा ओ १ -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस -एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ असे पर्याय देऊन सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल करा. लिंक करण्याची आज्ञा वेगळी असेल तर तिलाही ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ द्यावंच लागतं, नाहीतर ‘__एसॅन’ने सुरू होणाऱ्या नावांचे नवेच अनडिफाइन्ड रेफरन्स येतील. ही सोय क्लँगमध्ये २०१२ पासून आणि जीसीसीमध्ये २०१३ मधल्या ४.८ पासून आहे. प्रोग्रॅम साधारण दुपटीने मंदावतो. बदल्यात तो चुकीच्या लिखाणाच्या क्षणीच थांबतो आणि ‘हीप-बफर-ओव्हरफ्लो’ असा अहवाल देतो. त्यात दोन साखळ्या असतात. वरची ज्या ओळीने हद्द ओलांडली तिची, खालची ती जागा जिथे मागितली तिथली. दुरुस्ती बहुधा खालच्या साखळीतल्या ओळीवर करायची असते, आणि तुमच्या बाबतीत ती म्हणजे स्ट्रलेननंतर ‘+ १’.

पुन्हा कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं साधन वापरा. त्यात प्रोग्रॅम १० ते ३० पट मंद चालतो. ही दोन्ही हत्यारं एकाच वेळी चालवू नयेत, ती एकत्र काम करत नाहीत.

जाता जाता प्रिंटएफबद्दलच आणखी एक. आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये वळवलेलं असेल तर छापलेला मजकूर बफरमध्ये साठतो, आणि क्रॅश झाला की साठलेलं सगळं जातं. ‘शेवटी छापलेल्या ओळीनंतर क्रॅश झाला’ हा निष्कर्ष मग शेकडो ओळींनी चुकतो. शोधासाठीचं छापणं ‘एफप्रिंटएफ’ने ‘स्टडएर’वर करा, तिथे बफर नसतो.

प्रश्न : लिनक्सवर ‘./डिप्लॉय.एसएच’ चालवलं की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ‘एलएस’ केलं तर फाइल डोळ्यांसमोर आहे. चालवण्याची परवानगीही आहे.

उत्तर : हरवलेली फाइल वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये नाव मात्र तुमच्या फाइलचं आहे. स्क्रिप्ट चालवायला सांगितली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिची पहिली ओळ वाचतो, ‘#!’ नंतर लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) शोधतो, आणि तो नसेल तर दोन नंबरचा एरर परत करतो. त्या नंबरचा ठरलेला मजकूर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. कोणती फाइल, हे नंबरात मावत नाही. बॅशच्या बऱ्याच आवृत्त्या निदान ‘बॅड इंटरप्रिटर’ असं जोडून सांगतात, काही शेल तेवढंही करत नाहीत.

सगळ्यात आधी ‘कॅट -मोठा ए डिप्लॉय.एसएच’ करून पहिली ओळ पाहा. शेवटी नुसतं ‘$’ असेल तर ठीक. ‘^एम$’ दिसलं तर फाइल विंडोजवर सेव्ह झालेली आहे, आणि कर्नल ‘बॅश’ न शोधता ‘बॅश अधिक एक अदृश्य कॅरेज रिटर्न’ या नावाचा प्रोग्रॅम शोधतोय. तो असणार कुठून? ‘डॉस२युनिक्स’ चालवा किंवा ‘सेड -आय ’एस/\आर$//’’ करा. गिटमुळे हे पुन्हा पुन्हा होत असेल तर ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ’ ही ओळ घाला.

पहिली ओळ स्वच्छ असेल तर तिथला मार्ग खरोखर आहे का बघा. कंटेनरच्या छोट्या इमेजमध्ये अनेकदा बॅश नसतो, फक्त ‘एसएच’ असतो.

स्क्रिप्टऐवजी कंपाइल केलेला प्रोग्रॅम असेल आणि मेसेज हाच असेल, तर हरवलेला असतो तो डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी भरून देणारा. ‘रीडएल्फ -एल’ दिल्यावर ‘रिक्वेस्टिंग प्रोग्रॅम इंटरप्रिटर’ अशी ओळ येते, तिथला मार्ग ‘एलएस’ने तपासा. नेहमीचं उदाहरण म्हणजे साध्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्रॅम अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये टाकणं. साध्या लिनक्सवर सीची लायब्ररी जीलिबसी असते, अल्पाइनवर मसल, आणि दोघांच्या लोडरची नावं वेगळी. इलाज दोन : त्याच इमेजमध्ये बांधा, किंवा पूर्ण स्टॅटिक बांधा.

प्रश्न : जावाच्या सर्व्हरवर ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येतोय. जार फाइल जागेवर आहे, उघडून क्लासही पाहिला.

उत्तर : मेसेजचा पुढचा भाग तुम्ही लिहिलेला नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. पुढे नुसतं क्लासचं नाव असेल तर क्लास खरंच सापडला नाही, क्लासपाथ तपासा. पण ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’ असेल तर क्लास सापडला, लोड झाला, आणि त्याचा स्टॅटिक भाग चालताना कोसळला. कोसळला तो पहिल्या वापराला. तेव्हा ‘एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर’ आला होता आणि त्याच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये खरं कारण होतं, समजा न सापडलेली कॉन्फिग फाइल. जेव्हीएमने (जावा चालवणाऱ्या यंत्रणेने) त्या क्लासवर कायमची फुली मारली आणि नंतरच्या प्रत्येक वापराला हा दुसरा, कोरडा मेसेज दिला. लॉगमध्ये मागे जा. जुना लॉग पुसला गेला असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करून पहिलाच एरर पकडा.

‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ येतो पण स्टॅक ट्रेसच नसतो, अशीही एकाची तक्रार आहे. एकाच ठिकाणाहून तोच एक्सेप्शन पुष्कळदा फेकला गेला की हॉटस्पॉट (नेहमीचा जेव्हीएम) तो कोड पुन्हा कंपाइल करताना आधीच तयार ठेवलेला, ट्रेस नसलेला एक्सेप्शन वापरतो. इथेही पहिले काही एरर पूर्ण असतात, तेव्हा लॉगमध्ये मागेच जायचं. नाहीतर ‘-मोठे दोन एक्स:-ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो’ देऊन ही बचत बंद करता येते. तिथे कोलनच्या पुढचं उणे चिन्ह विसरू नका, आणि ‘ओमिट’, ‘स्टॅक’, ‘ट्रेस’, ‘इन’, ‘फास्ट’, ‘थ्रो’ यांची पहिली अक्षरं मोठी लिहा.

आणि ‘आउटऑफमेमरीएरर’मध्ये ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ असे शब्द असतील तर हीप (ऑब्जेक्टांसाठीची मेमरी) वाढवू नका. थ्रेडचा स्टॅक हीपच्या बाहेर असतो, त्यामुळे हीप वाढवल्याने उलट थ्रेडची जागा आक्रसू शकते. ‘जेस्टॅक’ने थ्रेड मोजा. एकाच नावाचे हजारो दिसले तर कुणीतरी प्रत्येक रिक्वेस्टला नवा थ्रेड पूल बनवतंय.

प्रश्न : ब्राउझर म्हणतो ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हेडर, म्हणजे दुसऱ्या साइटला उत्तर वाचू देणारी उत्तरासोबतची ओळ, नाही. सर्व्हरवर तर लावलाय, आणि बाकीच्या रिक्वेस्ट चालतात.

उत्तर : बाकीच्या चालतात म्हणजे सेटिंग बहुधा बरोबर आहे. ही एक रिक्वेस्ट सर्व्हरवर कोसळतेय. ५०० किंवा ५०२ चं पान फ्रेमवर्कने किंवा पुढच्या प्रॉक्सीने परस्पर पाठवलं आणि त्यावर तुमचा हेडर लागलाच नाही. ब्राउझरला हेडर दिसला नाही, त्याने तेवढंच सांगितलं, आणि खरं उत्तर सुरक्षेच्या नियमाने जावास्क्रिप्टपासून लपवलं. ‘कर्ल -आय’ने तीच रिक्वेस्ट ‘ओरिजिन’ हेडर लावून पाठवा आणि स्टेटस पाहा.

दुसरी शक्यता प्रीफ्लाइटची. ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ पाठवतो आणि तिच्यासोबत लॉगिनचं टोकन नसतं. तुमचा तपासनीस कोड टोकन नाही म्हणून तिला ४०१ देत असेल, तर खरी रिक्वेस्ट निघतच नाही. ‘ऑप्शन्स’ला त्या तपासणीतून वगळा.

याच्याच जोडीचा ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ हा जेसनचा एरर. ‘<’ हे एचटीएमएल पानाचं पहिलं अक्षर. जेसनऐवजी ४०४चं किंवा लॉगिनचं पान आलंय. ‘फेच’ ४०४ किंवा ५००ला एरर मानत नाही, म्हणून आधी ‘रिस्पॉन्स.ओके’ तपासायचं आणि मगच ‘.जेसन()’.

प्रश्न : ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्क निम्मी रिकामी आहे.

उत्तर : ‘डीएफ -आय’ करा. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, शंभर टक्के वापरले गेले असतील तर लाखो बारीक फाइलींनी, म्हणजे बहुधा कॅश किंवा सेशनच्या फोल्डरने, ते खाल्ले आहेत. आयनोडही शिल्लक असतील आणि एरर फाइलींवर नजर ठेवणाऱ्या डेव्हलपमेंट सर्व्हरकडून येत असेल, तर डिस्कचा संबंधच नाही. आयनोटिफाय ही फाइलींवर नजर ठेवण्याची कर्नलची सोय. तिची मर्यादा संपली की कर्नल याच एररचा नंबर परत करतो. ‘सिसकंट्रोल’मध्ये ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युझर_वॉचेस’ वाढवा, किंवा त्याहून चांगलं, ‘नोड_मॉड्यूल्स’सारखे फोल्डर पहाऱ्यातून काढा.

प्रश्न : आमच्याच टूलचे एरर लोकांना फसवतात. फाइल उघडता आली नाही तर आम्ही ‘इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’ असं काहीतरी छापतो. हे येतं कुठून?

उत्तर : ‘एरनो’मधून, म्हणजे शेवटच्या एररचा नंबर ठेवणाऱ्या जागेतून, पण तो नंबर शिळा. एखादं फंक्शन यशस्वी झालं तरी ते एरनो शून्य करत नाही, आणि मधली फंक्शनं तो बदलूही शकतात. समोर टर्मिनल आहे का, हे प्रिंटएफची मंडळी आतून विचारतात. नसेल तर एरनोमध्ये हाच एरर उरतो. पूर्वी युनिक्सवर त्याचा मजकूर ‘नॉट अ टाइपरायटर’ असा होता, आणि मेल का जात नाही याच्या उत्तरादाखल तो वाचून लोक चक्रावत. तुमच्या कोडमध्ये एफओपन फसल्यावर आधी लॉगची ओळ छापली जाते आणि मग एरनो वाचला जातो, असं दिसतंय. एफओपनने नल दिल्याबरोबर, इतर काहीही करण्याआधी, ‘इंट ई = एरनो;’ करून ठेवा आणि छापताना ‘स्ट्रएरर(ई)’ वापरा.

मजकुरात फाइलचं नाव अवतरणांत छापा, म्हणजे नावाच्या शेवटी चिकटलेली रिकामी जागा किंवा नवी ओळ लगेच दिसते. पायथनमध्ये त्यासाठी एफ-स्ट्रिंगमध्ये नावानंतर ‘!आर’ लावायचा. तिथे एक एक्सेप्शन पकडून दुसरा फेकत असाल तर ‘रेझ ... फ्रॉम ई’ लिहा. ‘द अबव्ह एक्सेप्शन वॉज द डायरेक्ट कॉज’ असं छापून येतं आणि वाचणारा वरच्या, मूळ एररकडे जातो. ‘फ्रॉम’ नसेल तर ‘ड्युरिंग हँडलिंग ऑफ द अबव्ह एक्सेप्शन’ असं येतं, म्हणजे एरर सावरतानाच दुसरा काही फुटला की मुद्दाम फेकला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘फ्रॉम नन’ (‘नन’चा पहिला एन मोठा) तर जपून वापरा, कारण ते ट्रेसबॅकमधून मूळ एरर गायबच करतं.